विहिरीतला जागृत दगड

तलासरीच्या वाडीत आमची विहीर खणली तेव्हा मी नवी सून होते आणि मला सगळंच कळत असे. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढलेली मी, मला खडकांतलं काय कळणार? पण न कळण्याने माझं तोंड कधी बंद राहिलं नाही. काळ्या खडकातून एक पांढराशुभ्र दगड वर आला. एक बाजू गुळगुळीत, तिच्यावर कंगवा फिरवल्यासारख्या रेघा. मी डोक्यावर पदर घेतला आणि जाहीर केलं, ही देवाची बोटं, हा देव जागृत आहे.

सासूबाई म्हणाल्या, "जागृत आहे ना? मग त्याला चुलीकडे बघायला सांग. तुझं दूध उतू गेलंय."

महिनाभर मी त्याला कुंकू वाहिलं. मग मूल झालं, देव न्हाणीत गेला आणि पुढे जन्मभर मी त्याच्यावर टाचा घासल्या.

अलीकडे मागच्या डोंगरातून रेल्वेचा बोगदा काढायचं ठरलं. त्याची रेघ नेमकी आमच्या चिकूंखालून गेली. खाली पोखरलं की विहिरीचं पाणी बोगद्यात उतरणार, आणि विहीर गेली की वाडी गेली. म्हणून भूगर्भशास्त्र शिकलेली मुलगी पाहणीला आली तेव्हा मी चहात साखर जरा जास्तच घातली.

विहिरीत वाकून ती म्हणाली, "आजी, इथे फॉल्ट दिसतोय."

"दिसणारच. सकाळपासून पंप बंद आहे. वायरमनला निरोप धाडलाय."

"तो फॉल्ट नाही हो. जमिनीतली भेग. तिच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकतात. तुमच्याकडे अधूनमधून धक्के बसून भांडी वाजतात ना, ती अशाच भेगांमुळे."

मग ती हात धुवायला न्हाणीत गेली, ती बराच वेळ बाहेरच येईना. आली तेव्हा माझा टाचा घासायचा दगड तान्ह्या बाळासारखा धरून.

"या रेघा खडक सरकताना उमटतात," ती म्हणाली. "भेगेत पाणी झिरपतं, पांढरा थर धरतो. जमीन परत सरकली की थर ओरबाडला जातो. अगदी नव्या थरावर ओरखडा असेल तर भेग अजून हलतेय. तिच्यातून बोगदा नेणं धोक्याचं."

"सायीसारखंच की. आत्ता धरलेल्या सायीवर ओरखडा दिसला तर मांजर अजून घरातच."

"हो. फक्त इथे आत्ता म्हणजे काही हजार वर्षं."

"चालेल. आमचा वायरमनही आत्ता येतो म्हणतो."

माझ्या टाचांचे ओरखडे वेगळे ओळखता येतात का, असं मी हळूच विचारलं. येतात म्हणाली, पण जरा घाईने म्हणाली. एक काप तपासायला नेला, डोंगरात भोकं पाडून आणखी नमुने काढले. तोवर मी टाचा तशाच भेगाळू दिल्या. उगाच पुरावा झिजायला नको.

शेवटी ती परत आली. "ओरखडे नव्या थरावरच आहेत, आजी. बोगद्याची रेघ डोंगराच्या पलीकडून नेतायत. तुमची विहीर वाचली." मग मराठी शब्द शोधत म्हणाली, "तुमची भेग ना, ॲक्टिव्ह आहे. म्हणजे... जागृत."

"परत म्हण," मी म्हटलं. तिने म्हटलं. मी पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

संध्याकाळी दगड धुतला, कुंकू लावलं आणि मुद्दाम सासूबाईंच्या फोटोखाली नेऊन ठेवला. फोटो भिंतीवर बारीकसा थरथरला. मी म्हटलं, "आई, धक्का आहे की हसताय?"