दसरू मास्तरांची क्रांती

पोलिसांची गाडी चौकात वळली की दसरू मास्तरांची क्रांती एकदम धानाच्या रोवणीवर यायची. एटापल्लीच्या चहाटपरीवर ते सरकार उलथवत बसलेले असत. गाडी दिसताच त्याच दमात मला विचारायचे, "काऊन गुरुजी, यंदा कोनता धान लावून राह्यले?" गाडी गेली की सरकार पुन्हा उलथायला घ्यायचे.

आम्ही दोघं एकाच सरकारी शाळेत शिकवत होतो. मास्तरांच्या बोलण्यात खोटं फारसं नव्हतं. रस्ता नव्हता, डॉक्टर नव्हता, जंगलात जन्मलेली माणसं जळणाच्या मोळीसाठी मार खात. हे मीही पाहत होतो. फक्त त्यावरचा इलाज मास्तर नेहमी दुसऱ्याच्या अंगावर करायचे. "रगत सांडल्याबिना काई होत नाई," असं ठणकावताना बशीतला चहा मात्र फुंकून फुंकून प्यायचे.

सुनंदा ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती लहान होती तेव्हापासून मास्तर तिला जंगलातल्या सभांना न्यायचे, गाणी म्हणायला लावायचे. बंदूकवाल्या दादांनी तिची पाठ थोपटली की पोरीपेक्षा बापच फुलायचा. बारावीनंतर तिला नर्स व्हायचं होतं. मास्तर म्हणाले, "एकेकाले पट्ट्या बांधून काय होते? सारा समाजच बिमार हाय." एका सकाळी त्यांनी स्वतः तिला नाल्यापर्यंत पोचवलं. पलीकडे दादालोक उभे होते. तिचं पाहून गावातली आणखी दोन पोरं गेली. मास्तर नाल्यावरून थेट शाळेत आले. तास चुकवला नाही.

"पोरगी जनतेले देली," त्यांनी आम्हा शिक्षकांपुढे जाहीर केलं.

घरी त्यांची बायको जनाबाई एवढंच म्हणाली, "जनतेनं मांगली होती का?" त्यानंतर ती नवऱ्याशी बोललीच नाही.

काही वर्षांनी सुनंदानं गडचिरोलीत आत्मसमर्पण केलं. ती जिवंत आहे या आनंदापेक्षा मास्तरांना नामुष्कीच मोठी वाटली. "नाक कापलं पोरीनं," म्हणत ते माझ्यासोबत भेटायला आले. ती समोर येऊन बसली. वाळून गेलेली, डाव्या हाताची बोटं तुटलेली. मास्तरांनी घसा साफ केला. "लढाई अशी अर्ध्यात सोडून..."

"बाबा, तुमी काऊन नाई आले?"

मास्तर गडबडले. "माहे गुडघे... तुले तं माहीत हाय."

ती हसली. तसं हसणं पुन्हा कानी पडू नये. मग म्हणाली, "माह्यामागं आलेले ते दोघं मेले. कुठी पुरले, मले माहीत हाय. त्यायच्या मायबापाले तुमी सांगसान का?"

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. 

पुढे सुटका होऊन घरी परतल्यावर सुनंदा आईला घेऊन त्या दोन्ही घरी गेली. एका घरात हंबरडा फुटला. दुसऱ्या घरानं तिच्या तोंडावर दार लावलं. संध्याकाळी त्या पोराच्या माउलीनं दार उघडेपर्यंत मायलेकी बाहेर बसून राहिल्या. मास्तर तेव्हा आपल्या अंगणात पेपर वाचत होते.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. शोकसभेत वक्त्यांनी त्यांना झुंजार म्हटलं, निर्भीड म्हटलं. मग कुणीतरी सुनंदाला दोन शब्द बोलायचा आग्रह केला. ती उठली. समोर त्या दोन पोरांच्या आया बसल्या होत्या. तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"बाबा बोलाचे बहुत चांगले," ती म्हणाली आणि खाली बसली.