मुक्या खोलीतला रेडिओ

देवाला कधीतरी थट्टेची लहर येते आणि मग तो माणसांच्या नेमणुका करतो. नाहीतर ज्याच्या तोंडाचा पट्टा झोपेतसुद्धा थांबत नसे, त्याला आयुष्यभर सगळ्यात शांत खोलीची राखण कशाला करायला लावली असती? विद्यापीठात त्याला सगळे रेडिओ म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच सुखी होतं.

खोलीच्या दारावर ‘प्रतिध्वनीमुक्त कक्ष’ असं रंगवलेलं होतं. एवढं म्हणेपर्यंत चहा निवेल, म्हणून सगळे तिला मुकी खोली म्हणत. भिंतींना, छताला आणि खाली जमिनीलाही फोमच्या हातभर लांब पाचरी लावलेल्या, टोकं आतल्या बाजूला. चालायचं ते खालच्या पाचरींच्या वर ताणलेल्या तारेच्या जाळीवरून. पाऊल टाकलं की जाळी जराशी दबे आणि आपण कशालाच टेकलेलो नाही असं वाटे. जाड दार लागलं की बाहेरचं जग मिटून जाई. टाळी वाजवली तर ती तळहातांना कळे, कानांना जेमतेम. थोडा वेळ गेला की स्वतःचंच ऐकू येऊ लागे. छातीतला ठोका, कानामागून वाहणारं रक्त, गिळलेला आवंढा. नवे विद्यार्थी घाईघाईने बाहेर येत आणि बाहेरच्या पंख्याच्या घरघरीकडे प्रेमाने बघत.

रेडिओ मात्र तिथे जावयासारखा ऐसपैस वावरे. संशोधक पंखे, श्रवणयंत्रं, स्पीकर, गाड्यांचे भोंगे घेऊन येत. वस्तूचा आवाज निव्वळ वस्तूचाच मोजला जावा, भिंतींनी त्यात पदरचं काही घालू नये, यासाठी हा सारा खटाटोप. रेडिओ माइक उभा करी, तारा जोडी आणि दार लावण्याआधी न चुकता बजावी, “खोलीचा कचरा आवाजात नको. आवाज कसा, धुतल्या तांदळासारखा पाहिजे.” हे तो इतक्या वेळा म्हणाला होता की त्याचा स्वतःचाही त्यावर पक्का विश्वास बसला होता.

दुपारी काम नसलं की तो दिवा मालवून जाळीवर आडवा होई. तिथे अंधाराला कडा नव्हत्या. आपण पडलोय की तरंगतोय, खोली मोठी आहे की मुठीएवढी, काही कळत नसे. अशा वेळी कान स्वतःच आवाज रचू लागतात. त्याला कधी लांबच्या नळाचं पाणी ऐकू येई, कधी लहानपणी हरवलेल्या कुत्र्याचं भुंकणं. पण सगळ्यात जास्त वेळा ऐकू येत त्या बायकोच्या सपाता, जिन्यावरून खाली येणाऱ्या. फट फट, मग वळणावर जरा थांबून पुन्हा फट फट. तो झोपेतच हसे. नळ आणि कुत्रं सोडून या सपाताच कानाला का आवडतात, याचा विचार त्याने कधी केला नाही.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना उघड्या सिमेंटचा, उंच, आणि गोष्ट कानात सांगितली तरी गच्चीपर्यंत पोचवणारा. संध्याकाळी खालच्या पायरीशी पिशवी टेकवून रेडिओ हाक मारी, “अगं ए, आहेस का घरात?” हाक भिंतींना थापा मारत वर जाई. स्वयंपाकघरातून उत्तर येई, “नाही, गावाला गेलेय!” लग्न झाल्यापासूनचा हा सवालजबाब. सगळ्या इमारतीला पाठ झालेला. वर पोचल्यावर तो बोलायला जो बसे, तो दिवा विझेपर्यंत. बायको म्हणे, “हा रेडिओ बंद कुठून करायचा, ते लग्नात कुणी सांगितलंच नाही मला.”

मग आवाज बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या, पण आवाज उठेना. डॉक्टरांनी नळी घालून घसा पाहिला आणि स्पष्टच सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. मानेला एक भोक राहील, श्वास तिथूनच घ्यायचा.

बायको घरी आली ती पायातल्या चपलाही न काढता खुर्चीवर बसली. इतकी वर्षं ज्या बडबडीला नावं ठेवली, तीच थांबणार म्हटल्यावर तिचं अवसान गळालं. “आता हे घर मला खायला उठेल,” ती म्हणाली.

“उठू देणार नाही,” रेडिओ घोगऱ्या आवाजात म्हणाला. “माझा आवाज तुझ्यापाशी ठेवूनच जाईन मी ऑपरेशनच्या टेबलावर. शब्द आहे माझा.”

आणि शब्द पाळायला तो कुठे गेला? मुक्या खोलीत, दुसरीकडे कुठे जाणार!

विभागाच्या प्रमुख मॅडम कधीकाळी त्याच्या हाताखाली तारा गुंडाळायला शिकलेल्या. त्यांनी सगळ्यात चांगला माइक काढून दिला आणि शेजारच्या खोलीत स्वतः कानाला हेडफोन लावून बसल्या. रेडिओ दिवा मालवून जाळीवर उभा राहिला आणि बोलत सुटला. बायकोला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या नाकाला लागलेली शाई, मुलीच्या जन्माच्या दिवशी हरवलेली छत्री, शेजाऱ्यांच्या चहाड्या, बेसूर गाणी. घसा दुखला की कोमट पाणी, की पुन्हा सुरू. अंधारात शब्द तोंडातून निघत आणि कुठेच न पोचता विरून जात. त्याला वाटे, आपण आपल्यालाच थोडं थोडं करून हवेत सोडतोय. ते वाटणं भीतीचं नव्हतं, गोड होतं.

शेवटी त्याने छाती भरून हाक मारली, “अगं ए, आहेस का घरात?” हाक पायाशीच पडली. पलीकडून काहीच आलं नाही. तो उगाचच थोडा वेळ वाट पाहत उभा राहिला. मॅडमनी दार उघडलं, डोळे पुसले आणि अंगठा वर करून दाखवला. रेकॉर्डिंग उत्तम झालं होतं.

शस्त्रक्रियाही उत्तम झाली. रेडिओ घरी आला तो मानेवर पट्टी आणि हातात मुलीची जुनी पाटी घेऊन. जरा बरं वाटल्यावर त्याने बायकोला खुर्चीत बसवलं, तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि समोर स्टुलावर तिचा चेहरा बघत बसला, परीक्षेच्या निकालाला बसावं तसा.

ती ऐकत राहिली. आधी भुवया चढल्या. मग तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

“शब्द तुमचे आहेत,” ती म्हणाली. “पण हे तुम्ही नाही. कोणी परका माणूस माझ्या डोक्यात शिरून बोलतोय. कुठूनच येत नाहीये हो हा आवाज. तुम्ही कुठे उभे आहात तेच कळत नाही.”

त्याने पाटीवर लिहिलं, ‘सगळ्यात चांगला माइक होता.’

“असेल,” ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. हॉस्पिटलात एकदाही न रडलेली बाई ती. रेडिओ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. ज्याच्याकडे कुठल्याही प्रसंगाला पुरून उरतील इतके शब्द असत, त्याच्याकडे एक ‘उगी’सुद्धा नव्हतं. त्याला स्वतःचा भयंकर राग आला. दिलेला शब्द खोटा पडला होता आणि दुसरा द्यायला आता आवाज नव्हता.

काही दिवसांनी तो विद्यापीठात गेला, म्हणे आपली छत्री आणायला. छत्री घेतली आणि पाय सवयीने मुक्या खोलीकडे वळले. दार लावून, दिवा मालवून तो जाळीवर आडवा झाला. आता ठोक्याबरोबर आणखी एक आवाज होता, मानेतून ये-जा करणाऱ्या श्वासाचा. दाराच्या फटीतून वारा यावा तसा. तो ऐकता ऐकता त्याला गुंगी आली. अंधार हलके हलके झुलू लागला. आणि आल्याच, सपाता आल्या. फट फट. वळण. फट फट. त्या जवळ येत होत्या, आणि झोपेतही त्याला नेमकं कळत होतं की ती आता कुठल्या पायरीवर आहे. भिंत कुठे आहे, कठडा कुठे संपतो, सगळं त्या आवाजातच होतं.

तो उठून बसला. ज्याला तो जन्मभर कचरा म्हणत आला होता, ते त्याचं घर होतं. मुक्या खोलीत त्याने आवाज धुतला, धुतला, आणि घरही त्याबरोबर वाहून गेलं. आता ते परत घालायचं तर जिना जागेवर होताच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मॅडमच्या टेबलावर त्याने पाटी ठेवली, ‘बॅटरीवर चालणारा मोठा स्पीकर. आजच.’ मॅडमनी वाचलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काहीही न विचारता कपाटाची किल्ली दिली.

संध्याकाळी जिन्यात नेहमीसारखाच उजेड होता, वरच्या झरोक्यातून उतरणारा, पिवळसर. रेडिओने खालच्या पायरीवर स्पीकर ठेवला. शेजारी पिशवी टेकवली, अगदी पूर्वीसारखी. आवाज किती ठेवायचा ते त्याच्या छातीला ठाऊक होतं. त्याने बटण दाबलं.

“अगं ए, आहेस का घरात?”

हाक भिंतींना थापा मारत, वळणावर जरा अडून, वर गेली. वर फोडणी चरचरत होती. क्षणाचाही विलंब न लागता उत्तर आलं, “नाही, गावाला गेलेय!”

मग भांड्यात डाव पडल्याचा आवाज झाला, आणि त्यानंतर कसलाच नाही.

रेडिओ कठडा धरून उभा राहिला. बऱ्याच वेळाने वरून सपाता वाजल्या, फट फट, आणि वळणावर येऊन थांबल्या. तिथून तो तिला दिसत नव्हता, तीही त्याला दिसत नव्हती. ती आणखी खाली आली नाही.

“अहो,” ती तिथूनच म्हणाली, “पुन्हा एकदा विचारा ना.”