फेस आणि एकमत

कपाशीवरच्या फवारणीचा वास आला की मला गंगाखेडचं ते पत्र्याचं ऑफिस आठवतं. गावोगावच्या मृत्यूंबद्दल घरच्यांनी सांगितलेली हकीकत वाचून आम्ही मृत्यूचं कारण लिहायचो. मी आणि एक तरुण बाई, दोघांनी एकमेकांना न विचारता लिहायचं, मग आमचं किती जुळतं ते सॉफ्टवेअर सांगणार. ज्याचं बायकोशी भाजीवरूनही जुळत नाही, त्याला हे काम! आकडा कमी आला. "बसा अन् मिटवा," साहेब म्हणाले. असं मिटवून पुन्हा मोजायचं नसतं, न विचारता लिहिलेलंच धरायचं असतं, हे मला ठाऊक होतं. पालमकडच्या एका मजुराच्या नावापुढे मी हृदयविकार लिहिला होता, बाईंनी फवारणीचं विष. "सर, तोंडाला फेस होता म्हणून लिहिलंय की." मी म्हणालो, "बाई, तुमच्या वयाएवढी माझी नोकरी झाली." त्यांनी विष खोडून हृदयविकार लिहिलं. आकडा चढला, साहेबांनी चहा सांगितला. महिन्याभरानं पालमच्या स्टँडवर त्या मजुराची बायको भेटली; ऑफिसात चौकशीला येऊन गेल्यानं ती मला ओळखत होती. "सायेब, दारूनं मेला म्हनायलेत लोक. लेकरं शाळेत जाईनात. पाठीवर पंप होता हो त्यांच्या! तुमी काय लिवलं?" मी म्हणालो, "आमचं एकमत झालंय." "कशावर?" तिनं विचारलं. तेवढ्यात एसटी लागली आणि मी धावत सुटलो, गाडी माझी नसतानाही. घरी हा किस्सा अजून रंगवून सांगतो, पण बायकोच्या भाजीच्या विनोदावर सगळे हसले की तिथंच थांबतो.