जमिनीवरची कासवं

वडील गेले आणि लगोलग भावांनी घर विकलं. आक्काच्या वाट्याला आली भाड्याची एक खोली, आणि बुटांच्या खोक्यातून आलेली कासवाची दोन पिल्लं. खोकं धाकट्या भावाने आणलं होतं.

"तुला कोणाचं तरी करायची सवय आहे ना," तो म्हणाला. "रिकामी बसून काय करणार? आणि ही जगतातही भरपूर. जन्माची सोय झाली तुझी."

तो हे मायेनेच म्हणाला, म्हणून तर ते जास्त लागलं.

आक्का इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभं राहायचं, आणि घरी येऊन अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं हगणंमुतणं काढायचं. तिच्या लग्नाचा विषय आधी पुढे ढकलला गेला, मग मागे पडला, मग कोणी काढेनासंच झालं. थोरला भाऊ परगावाहून फोनवर "काळजी घे" म्हणायचा. ती वडिलांची की स्वतःची, हे तिने कधी विचारलं नाही.

तिने आजवर साधं मांजरही पाळलं नव्हतं. कासव म्हटलं की पाणी, एवढंच तिला ठाऊक. अक्रोडाएवढी ती पिल्लं तिने पाणी भरलेल्या टबात सोडली. दोघं पाय मारत कडेला यायची, गुळगुळीत प्लास्टिकवरून घसरायची, पुन्हा पाय मारायची. आक्काला वाटलं, मजेत आहेत. चहाचा कप घेऊन ती टबाशेजारी बसून राही. पाव कुस्करून घाली, टोमॅटोच्या फोडी टाकी. बऱ्याच दिवसांनी तिला घरी जायची ओढ वाटू लागली होती.

मग धाकट्या पिल्लाचे डोळे सुजून मिटले, पाठ मऊ लागू लागली आणि नाकातून बुडबुडे यायला लागले. तिने ते रुमालात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"पाण्यात ठेवता याला?"

"हो. छान पोहतं."

डॉक्टरीणबाईंनी पिल्लू उलटं करून तिला त्याचे पाय दाखवले. "हे जमिनीवरचं कासव आहे. पोहत नव्हतं ते. बुडत होतं."

घरी जाऊन आक्काने आधी टब दाराबाहेर काढला.

मग जे जे सांगितलं ते सगळं तिने केलं. लाकडी खोक्यात कोरडी माती भरली. पाव बंद केला. कामावरून येताना रस्त्याकडेचा पाला खुडून, धुऊन घालू लागली. त्यावर कॅल्शियमची पूड. रोज थोडा वेळ कोमट पाण्यात बसवायचं, तेही पसरट ताटलीत. काचेतून येणारं ऊन त्यांच्या कामाचं नाही असं कळल्यावर मुकादमाच्या हातापाया पडून ती खोकं धुलाईखान्याच्या गच्चीवर ठेवू लागली. "आक्का, यांनाही एकदा इस्त्री मारून घे," म्हणून बायका हसायच्या. तीही हसायची.

पण धाकट्या पिल्लाची पाठ मऊ ती मऊच राहिली. एका दुपारी ते मान लांब टाकून पडलेलं दिसलं. झोपलंय म्हणून तिने तासभर उठवलं नाही. मग हात लावला.

खोलीमागच्या भिंतीलगत ते पुरून तिने धाकट्या भावाला फोन केला. त्याच्याकडे टीव्ही चालू होता.

"अगं, तुझ्या हाताला यशच नाही बघ," तो हसत म्हणाला.

वडीलही तिच्याच हातांत गेले होते. हे त्याला आठवलं का, कोण जाणे. तिने फोन ठेवला.

दुसऱ्याने मात्र तग धरला. त्याची पाठ टणक झाली, ते तळहातात मावेनासं झालं. पुढच्या वर्षी भावाची सासू घसरून पडली आणि कंबरेचं हाड मोडलं. भाऊ मिठाईचा पुडा घेऊन आला.

"आमच्याकडेच ये राहायला. सासूबाईंचं करायला कोणीतरी घरचं हवं."

"आणि कासव?"

"ते देऊन टाक कोणाला तरी. हिला वास सहन होत नाही."

"मी नाही येणार."

"कासवासाठी?"

"कासवासाठी नाही."

"मग कशासाठी?"

सांगायला इतकं होतं की कुठून सुरुवात करावी हेच तिला सुचेना. "मला कामाला जायचंय," एवढंच ती म्हणाली. भावाने मग गणगोतात सांगितलं, आक्काने एका कासवापायी सख्खा भाऊ तोडला. सगळ्यांना ते पटलंही. फोन यायचे बंद झाले.

शेवटी म्हातारीला आक्काच्याच इस्पितळात आणून टाकलं. कळल्यावर आक्का जेवणाच्या सुट्टीत वरच्या वॉर्डात गेली. म्हातारीचे केस विंचरले, पाणी पाजलं.

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. "तू आली असतीस तर मी घरी असते," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. आक्काने तिच्या खालच्या चादरीच्या सुरकुत्या काढल्या, कडा गादीखाली खोचल्या आणि ती निघाली.

गच्चीवर ऊन सरकून खोकं सावलीत गेलं होतं. कासव पाल्यात तोंड खुपसून खात होतं. ती आली तरी त्याने मान वर केली नाही. तिने खोकं उन्हात ओढलं आणि खाली इस्त्रीला लागली.