चार काटेरी पिल्लं आणि सायकाकूंचं दूध

सायकाकूंच्या घरात कुठल्याही दुखण्यावर एकच औषध चालायचं, गाईचं दूध. ताप आला, दूध घे. परीक्षेत नापास झालास, दूध घे. नवऱ्याशी भांडून शेजारीण रडत आली, तर तिच्याही हातात आधी दुधाचा पेला आणि मग सल्ला. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं आणि मागच्या अंगाला गोठा. दुधावर जाड साय धरली नाही, तर त्या आपणहून गिऱ्हाइकाची माफी मागायच्या. म्हणून गल्लीने त्यांचं नाव सायकाकू ठेवलं. ते नाव त्यांना मनापासून आवडायचं, फक्त आवडत नसल्यासारखं दाखवायच्या.

जगातल्या दोनच गोष्टी त्यांच्या डोक्यात जायच्या. एक डब्यातली भुकटी आणि दुसरं शेळीचं दूध. आता नशीब बघा, सख्खी नणंद निघाली शेळ्या पाळणारी. काकांची ही धाकटी बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि घरात सगळे तिला आत्या म्हणायचे. घरात चार माणसं जमली की काकू हटकून म्हणायच्या, "शेळी दूध देते, पण लेंड्या घालून!" आत्याही काही कमी नव्हती. ती म्हणायची, "वहिनी, तुमच्या गाई काय शेणाऐवजी फुलं टाकतात?" सगळे हसायचे, काकूही हसायच्या. पण एकदा आत्याने स्वतः केलेलं शेळीच्या दुधाचं चीज आणलं आणि काकूंनी ते पाहुण्यांदेखत नाक धरून परत दिलं. त्या दिवशी आत्या हसली नाही. तिने भांडं उचललं आणि गेली, ती पुन्हा आली नाही.

अशात एके दिवशी काकांनी गोठ्यामागचा जुन्या गवताचा ढीग हलवला आणि खाली चार पिल्लं निघाली. हेजहॉगची. शिवलं की अंगाचा काटेरी चेंडू करून बसणारा, बागेतल्या अळ्या-किड्यांवर जगणारा हा लहानसा प्राणी त्या भागात नवा नव्हता. पण एवढी लहान पिल्लं कुणी पाहिली नव्हती. डोळे नुकते उघडलेले, काटे मऊ, आणि आवाज किलबिलीसारखा. काकांनी गवत होतं तसं झाकलं आणि दोघांनी दिवसभर लांबून आईची वाट पाहिली. आई येणार कुठून? सकाळी दूध पोचवायला जाताना काकांना रस्त्याच्या कडेला एक हेजहॉग मरून पडलेला दिसला होता. संध्याकाळी त्यांनी पिल्लं लोण्याच्या रिकाम्या खोक्यात घालून घरात आणली.

"आई गेली असेल बिचाऱ्यांची. यांना पाजायचं काय?" काका म्हणाले.

"हे तुम्ही मला विचारता?" काकू कमरेला पदर खोचत म्हणाल्या.

तांबडी गाय सगळ्यांत घट्ट दुधाची. तिचं ताजं दूध, त्यात साय घोटलेली, वर चिमूटभर साखर. औषधाच्या ड्रॉपरने काकूंनी एकेकाला तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं आणि पोटभर पाजलं. पिल्लं मिटक्या मारत प्यायली. सगळ्यांत धाकटं पिल्लू मादी होती, इतर तिघांच्या निम्मी. ती पिता पिता काकूंच्या अंगठ्यावरच झोपली. काकूंनी तिचं नाव चिमटी ठेवलं आणि तिथेच त्यांचं मन तिच्यात अडकलं.

सकाळी काकूंनी खोका उघडला. पिल्लांची पोटं नगाऱ्यासारखी ताणलेली, खालचं फडकं हिरव्या घाणीने भरलेलं, आणि चिमटी तर हलेनाशी झालेली. काकूंनी दुकान उघडं टाकलं, खोका छातीशी धरला आणि तडक गुरांच्या दवाखान्यात गेल्या.

तिथली डॉक्टरबाई याच गल्लीत लहानाची मोठी झालेली. तिने एकेक पोट बोटाने चाचपलं.

"काकू, काय पाजलंत?"

"चांगलंच पाजलं गं! आपल्या तांबडीचं, वर साय घोटून."

"तिथेच घोळ झाला."

काकूंना वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं.

"गाईच्या दुधात जी साखर असते ना, ती या जिवांना पचत नाही," डॉक्टरबाई सांगू लागली. "यांच्या आईच्या दुधात ती जवळजवळ नसतेच. पोट फुगतं, जुलाब होतात आणि पिल्लं हातची जातात. आणि उताणं नाही हं पाजायचं, दूध छातीत जातं. पोटावर किंवा सरळ धरायचं. आधी ऊब द्या. मग मी देते ते क्षारांचं पाणी. आज दूध अजिबात नाही."

"आणि उद्या?"

"कुत्र्याच्या पिल्लांसाठी दुधाची भुकटी मिळते, ती यांना बऱ्यापैकी मानवते. माझ्याकडची संपलीय. आजच मागवते, पण यायला वेळ लागेल. तोवर शेळीचं दूध. तेही काही यांच्या आईसारखं नाही, पण गाईच्या दुधापेक्षा पोटाला सोसतं. आणि नुकत्याच व्यालेल्या शेळीचं पहिलं दूध, म्हणजे चीक, थोडा मिळाला तर फार बरं होईल. रोगाशी झगडायला बळ येईल."

भुकटी आणि शेळी! आयुष्यभर ज्या दोन गोष्टींना नावं ठेवली, त्याच एका दमात समोर येऊन उभ्या राहिल्या. काकूंनी खोक्यात पाहिलं. चिमटीचं पोट हलतंय की नाही, तेच कळत नव्हतं. आपण हौसेने विष पाजलं, या विचाराने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

काकू आत्याच्या फाटकापाशी पोचल्या तेव्हा आत्या गोठ्यात वाकून एका करडाला आईच्या कासेला लावत होती. शेळी आदल्या दिवशीच व्याली होती. वहिनीला पाहून आत्या उभी राहिली, पण 'या' म्हणाली नाही.

"वन्सं, थोडं दूध हवंय," काकू म्हणाल्या.

"दूध? तुम्हाला? घरच्या गाई आटल्या की काय?"

"शेळीचं हवंय. आणि जमलं तर चीक."

आत्याने कान कोरल्यासारखं केलं. "परत म्हणा बघू."

अडला हरी गाढवाचे पाय धरी, तिथे काकूंची काय कथा! त्यांनी परत म्हटलं. मग खोका उघडून दाखवला आणि रात्रीपासूनचा सगळा प्रकार सांगून टाकला, साय आणि साखरेसकट. शेवटी म्हणाल्या, "त्या दिवशी चार माणसांत मी तुमच्या मेहनतीचा अपमान केला. चुकलंच माझं. राग माझ्यावर काढा, या लेकरांवर नको."

आत्या पुढे झाली. तिने चिमटीला तळहातावर घेतलं, ओठांजवळ नेऊन ऊब पाहिली आणि पटकन आपल्या स्वेटरच्या आत धरलं.

"आधी माझी करडं पितील," ती म्हणाली. "चीक त्यांच्या हक्काचा. उरेल तो तुमचा. आणि माझी एक अट आहे."

"कसली?"

"आधी एक पेला तुम्ही प्यायचा. जे स्वतः तोंडाला लावत नाही, ते लेकराला कसं पाजाल?"

आत्याने घरात नेऊन दुसऱ्या शेळीचं तापवलेलं दूध पेल्यात ओतलं. काकूंनी डोळे मिटले, नाकाकडे गेलेला हात अर्ध्यावरून मागे घेतला आणि पेला तोंडाला लावला. एक घोट. दुसरा घोट. मग डोळे उघडले.

"वास नाही याला!"

"भांडी स्वच्छ ठेवली आणि बोकड लांब बांधला की नसतो. गेली कित्येक वर्षं तेच तर सांगतेय."

काकूंनी पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. त्यावर आत्या इतकी हसली की स्वेटरमधली चिमटी दचकून हलली. ती हलली म्हणून दोघीही हसत सुटल्या.

तो दिवस ऊब आणि क्षारांच्या पाण्यावर गेला. पोटं हळूहळू मऊ पडली. दुसऱ्या दिवशी शेळीच्या दुधात थोडा चीक घालून ड्रॉपर भरला, तर तीन पिल्लं तुटून पडली. चिमटी मात्र तोंड उघडेना. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणे. काकूंनी विनवण्या केल्या, रागावून पाहिलं, गाणंही म्हटलं. थेंब ओठांवरून गळून रुमालावर पडत होता. शेवटी काकांनी जाऊन आत्याला बोलावून आणलं. ज्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणून बसली होती, तिथे ती चपला उडवून थेट आत आली.

"ड्रॉपर ठेवा बाजूला. हट्टी करडाला कसं लावतात, बघा." तिने करंगळी दुधात बुडवली आणि चिमटीच्या ओठांच्या कोपऱ्यावर अलगद घासली. एकदा, दोनदा. कितीतरी वेळ ती तेच करत राहिली. मग एक इवलीशी गुलाबी जीभ बाहेर आली आणि करंगळी चाटून आत गेली. काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी नणंदेला मिठी मारली, तर आत्या ओरडली, "अहो, सांडेल ना!"

त्या दिवसापासून दोघींनी पाळ्या लावून घेतल्या. पाजायच्या आधी आणि नंतर ओल्या कापसाने पिल्लांचं पोट आणि बूड पुसायचं, कारण आई चाटते तेव्हाच ही बाळं शी-शू करतात. लोणी तोलायच्या काट्यावर एकेकाला वाटीत बसवून रोज वजन करायचं. चिमटीचा काटा जरासा सरकला की काकू दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही ते सांगायच्या. त्याला काही समजायचं नाही, पण काकूंचा चेहरा पाहून तोही खूश व्हायचा.

मग डॉक्टरबाईने भुकटीचा डबा दिला. काकूंनी तो शालीखाली लपवून, चोरीचा माल आणावा तसा घरी आणला. एकदम दूध बदललं तर पुन्हा पोट बिघडेल, म्हणून आधी शेळीच्या दुधात थोडी भुकटी, मग थोडी जास्त, असं करत नेलं. पण लपवलेली गोष्ट किती दिवस लपणार? एका सकाळी भुकटीची मापं घेता घेता डबा दुकानाच्या फळीवरच राहिला आणि नेमके निवृत्त मास्तर दूध घ्यायला आले. या मास्तरांना सगळ्या गल्लीची पंचाईत.

"काय हो सायकाकू, तुमच्याकडे भुकटी?" ते मोठ्याने म्हणाले. "मग ते जगातलं सर्वोत्तम दूध कुठे गेलं?"

"कुठे जातंय? माझ्या गाईचं दूध सर्वोत्तमच आहे," काकू बरणी भरत म्हणाल्या. "वासराला."

मास्तरांनी डब्याकडे आणखी एकदा पाहिलं. बरणी मात्र त्यांनी काठोकाठ भरून घेतली.

पिल्लांना दात आले तसं डॉक्टरबाईने सांगितलं, आता दूध हळूहळू तोडा, मऊ भिजवलेलं खाणं द्या. आपलं आपण खाता आलं नाही तर बाहेर जगता येणार नाही. तीन पिल्लं ताटलीत चारी पाय बुडवून जेवायला शिकली, अंगभर माखून घेऊ लागली आणि थोड्या दिवसांनी त्यांना मागच्या बागेत मोकळं सोडलं. चिमटी मात्र खाण्याकडे ढुंकून बघेना. काकूंची पावलं वाजली की ती थेट ड्रॉपरकडे धावायची.

"लाडावून ठेवलीय तुम्ही," आत्या म्हणाली. "अशीच राहिली तर जन्मभर खोक्यात."

काकूंना ते लागलं, कारण ते खरं होतं. चिमटीने राहावं असं त्यांना मनातून वाटत होतंच. तरी त्या रोज ताटली आधी पुढे करायच्या आणि ड्रॉपर नंतर.

एका संध्याकाळी दोघी मागच्या पायरीवर बसल्या होत्या. चिमटी, आता चांगली मूठभर झालेली, गवतात सोडलेली. तिची वेळ झाली म्हणून काकूंनी ड्रॉपर पुढे केला. चिमटीने तो हुंगला आणि नाकाने बाजूला ढकलला. काकूंनी पुन्हा पुढे केला. तिने पुन्हा ढकलला, वळली आणि गवतात नाक खुपसून काहीतरी शोधू लागली. क्षणभराने तिथून स्पष्ट आवाज आला, कुरुम कुरुम. एक भला मोठा किडा तिच्या तोंडात होता आणि त्याचे पाय बाहेर वळवळत होते.

"वन्सं, बघितलंत? दूध नको म्हणाली ती! मला नको म्हणाली!" काकूंचा आवाज आनंदाने चिरकला.

सगळ्या आयुष्यात त्यांच्या हातचं दूध असं तोंड फिरवून कुणी नाकारलं नव्हतं. काकू रडत होत्या आणि हसतही होत्या. आत्याने त्यांचा हात धरून ठेवला. चिमटीने किडा संपवला, ओठ चाटले आणि दुसरा शोधायला कुंपणाकडे चालू लागली.