शेवटी कुठला ॲम्प्लिफायर घेतला

गेल्या शनिवारी डेल्फ्टला गेलो होतो. पॉवर ॲम्प्लिफायर निवडायला... म्हणजे खरं तर मला नेलं गेलं. आइंडहोवनचा माझा मित्र शिरीष सकाळीच गाडी घेऊन बुइटनव्हेल्डर्टला आमच्या दारात हजर झाला. "आज कारणं नकोत," एवढंच म्हणाला.

आमचा जुना ॲम्प्लिफायर बंद पडून बरेच महिने झाले होते. एकेकाळी स्पीकरच्या वायरीवरून मित्रांशी तावातावानं भांडणारा माणूस मी... पण मृदुला, माझी बायको, गेल्यापासून घरात गाणं लावावंसंच वाटेना. त्याला दीड वर्ष झालं. मोठाले स्पीकर हॉलमध्ये उभे होते आणि त्यांच्यावर आमची लेक सई आपला कोट आणि दप्तर टाकायची. स्पीकरांना एवढं तरी काम होतं.

शिरीषचं म्हणणं, पोरीसाठी तरी घरात आवाज हवा. त्याचं चुकत नव्हतं.

दुकानाचा मालक यान, साठीचा, चांगलाच उंच. त्यानं कॉफी दिली, सोबत डच रिवाजाप्रमाणे मोजून एकच बिस्किट... इथं राहून आता त्याचं हसूही येत नाही. फोनवरच त्यानं बजावून ठेवलं होतं की, ज्या आवाजाची तुम्हाला पक्की ओळख आहे तेच रेकॉर्डिंग घेऊन या. नाहीतर दोन महागड्या ॲम्प्लिफायरमधला फरक कळत नाही, नुसता भास होतो.

मला पक्की ओळख एकाच आवाजाची. मराठी मंडळाच्या गणपतीत मृदुला गायली होती, त्याची सीडी मी खिशात घातली.

त्या गाण्याचं सांगायला हवं. तिचा तो नेहमीचा अभंग, दरवर्षी चढ्या लयीत म्हणायची. त्या वर्षी मात्र अगदी संथ गायली. सगळे भारावून गेले. काय ठेहराव आहे, गाणं किती मुरलंय, असं जो तो म्हणत होता. ट्राममधून घरी येताना मीही तेच म्हणालो. ती नुसती हसली आणि सईची टोपी नीट करत बसली.

पुढे फेब्रुवारीत खोकला जाईना म्हणून आमच्या हाउसआर्टनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, तिला मोठ्या हॉस्पिटलमध्ये पाठवलं. फुप्फुसांचं दुखणं... त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

तर यानच्या त्या गालिचा घातलेल्या खोलीत पहिला ॲम्प्लिफायर लागला. सुरेख. मृदुला जणू पलीकडच्या खोलीत बसून गात होती. मी जमिनीकडे बघत बसलो. शिरीष उगाचच घसा खाकरत होता.

मग यानने दुसरा जोडला, त्याच्याकडचा सगळ्यात वरचा. तेच गाणं, तितकाच आवाज. आता ती पलीकडच्या खोलीत नव्हती, समोर होती. श्वास घेतलेला कळत होता.

दोन कडव्यांमध्ये पेटीचा तुकडा आहे. तिथे घरी नेहमी काहीतरी कुजबुज ऐकू यायची. पुढच्या रांगेतलं कुणीतरी बोलतंय, असं मी धरून चाललो होतो. शनिवारी ती कुजबुज स्वच्छ ऐकू आली. मृदुलाच होती. माइकपासून मान वळवून तबल्यावरच्या मुलाला सांगत होती...

"लय वाढवू नकोस रे. मला दम पुरत नाहीये."

आणि लगेच पुढचं कडवं. हसऱ्या आवाजात.

आता हे श्रेय ॲम्प्लिफायरचं की त्या खोलीतल्या शांततेचं, ते जाणकारांनी ठरवावं. मला एवढंच कळलं की, गणपतीतच तिला कळलं होतं. आम्ही ठेहराव म्हणून माना डोलावत होतो तेव्हा ती बिचारी श्वास पुरवून वापरत होती.

आधी मला राग आला. तबलेवाल्या पोराला सांगितलंस, मला नाही? मग रडू आलं. यान हळूच दार ओढून बाहेर गेला. त्याला मराठी कुठून कळणार, पण बाकीचं कळलं असावं.

शिरीष म्हणजे कुठलीही वस्तू घ्यायची तर वरचंच मॉडेल घ्या म्हणून डोकं खाणारा माणूस. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पहिलाच घेऊ या रे. चांगला आहे तो." बिचाऱ्यानं माझ्या काळजीनंच सांगितलं.

मी दुसरा घेतला.

रविवारी तो जोडला आणि सईला शेजारी बसवून गाणं लावलं. सईला मराठी सगळं कळतं, पण उत्तरं डचमध्ये येतात. पेटीच्या तुकड्याशी ती ताठ झाली. आईचं बोलणं संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "नॉख एन केर." पुन्हा एकदा.

मी पुन्हा लावलं. मग पुन्हा.

ॲम्प्लिफायर आणल्याचं कळल्यापासून तुम्ही बरेच जण विचारताय, एवढा भारी कशाला? काय सांगू... माणूस गेलं की त्याचं बोलणं तिथंच थांबतं. आपण जुनीच वाक्यं पुन्हा पुन्हा आठवत राहतो, तीही हळूहळू झिजतात. शनिवारी मात्र दीड वर्षानंतर मला मृदुलाचं एक नवीन वाक्य ऐकायला मिळालं. दुखणारं का असेना, पण ते मी कधीच ऐकलं नव्हतं.