उलट्या आट्यांचा लोहार

हेम्मी केम्प्पाइनेन हा आमच्या हाउकिलाम्पी खोऱ्याचा लोहार. आडव्या बांध्याचा, भुवईवर ठिणगीने भाजल्याची खूण, आणि बोलण्याच्या बाबतीत इतका चिक्कू की त्याच्या तोंडून एखादं पूर्ण वाक्य ऐकायला मिळालं तर माणूस घरी जाऊन सांगायचा. अर्थात आमच्याकडे सगळेच तसे. मुलगा मुलीला मागणी घालायला जातो, तिच्या बापासमोर बसून कॉफी पितो आणि थंडीबद्दल बोलून परत येतो. आमच्या लोकांची ही खोड मला कधीच आवडली नाही, आणि हेम्मीचं जे झालं त्यानंतर तर तिचा मला संताप येतो.

हिवाळ्यात आमचं सगळं पोट घोड्यावर. जंगलात झाडं पाडायची, ओंडके घसरगाडीवर रचायचे आणि नदीकाठी ओढून न्यायचे. गाडी हलकी जावी म्हणून वाटेवर मुद्दाम पाणी ओतून ती गोठवायची. गाडीला अशी वाट बरी, पण घोड्याचा पाय त्यावर टिकणार कसा? म्हणून नालाला खालून टोकदार दात. ते झिजले की घोडा लोहाराकडे. नाल उपटायचा, भट्टीत तापवायचा, दात ठोकून टोक काढायचं, पाणी देऊन ते कडक करायचं, पुन्हा खिळे मारायचे. हिवाळा संपेस्तोवर खुरांची चाळण झालेली असायची. आणि एका भट्टीपुढे सगळ्या खोऱ्याचे घोडे रांग लावून उभे.

त्या रांगेला कंटाळून एकदा वेर्नेरी नावाचा गाडीवान झिजलेल्या दातांनिशीच जंगलात गेला. उतारावर त्याच्या विर्क्कू घोडीचा पाय सुटला आणि ओंडक्यांची गाडी मागून तिच्या अंगावर आली. तिला गोळी घालावी लागली. वेर्नेरी दुसऱ्या दिवशी भावाचा घोडा घेऊन लोहारशाळेत आला, नाल मारून घेतले आणि गेला. घोडीबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर हेम्मी बरा झोपला असता.

त्यानंतर हेम्मीच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. नाल खुरावरच ठेवून नुसते दात बदलता आले पाहिजेत. आधी त्याने नालाला भोक पाडून दात पाचरीसारखा ठोकून पाहिला; घोडे निम्मे दात जंगलात गाळून परत आले. मग खोबणीत सरकणारा दात केला. त्यात खडी अडकली की तो निघेच ना. शेवटी स्क्रूसारख्या आट्यांचा विचार आला. पान्याने फिरवला की जुना दात बाहेर, नवा आत. खुराला नवा खिळा नाही, रांग नाही, गाडीवान आपला आपण जंगलात बदलेल. दाताला सगळं पाणी दिलं तर तो काचेसारखा तुटायचा, दिलं नाही तर वाकायचा. टोक कडक आणि बूड मऊ ठेवण्याची युक्ती साधेपर्यंत त्याने भंगाराचा ढीग केला.

राहिलं भोकात आटे पाडायचं हत्यार, टॅप. शहर लांब, म्हणून तोही हेम्मीने घरीच करायला घेतला. पोलादाच्या कांबीवर कागदाची पट्टी तिरकी गुंडाळायची, तिच्या कडेने खूण ओढायची आणि त्या खुणेवरून कानशीने खाच घासत जायचं. डोळे फुटायची वेळ येते अशा कामात. टॅप घासून झाला, पाणी देऊन झालं, नालाला आणि त्यावरून दातालाही आटे पडले, दात बसवायला घेतला, तर घट्ट करायला जावं तसा तो सैल व्हायचा आणि सैल करायला जावं तसा घट्ट. कागद उलट्या बाजूने गुंडाळला गेला होता.

दुसरा टॅप करता आला असता. पण त्याच क्षणी दारात वेर्नेरी आणि नेस्तोरी उभे राहिले. नेस्तोरी हा तरुण गाडीवान, आमच्या खोऱ्यातला त्यातल्या त्यात बोलका.

“उलटा फिरतो की हो, लोहारकाका,” नेस्तोरी म्हणाला.

“मुद्दाम केलाय,” हेम्मी म्हणाला. “घोडा जोर लावताना खूर पिळतो. सुलट आटे त्याने सुटतात. हे घट्ट होतील.”

“दोन्ही बाजूच्या पायांचे?” वेर्नेरीने विचारलं.

“दोन्ही.”

वेर्नेरीने मान डोलावली.

आणि दात टिकले, हे कबूल केलं पाहिजे. उलट असोत की सुलट, आटे ते आटे. एकदोन हिवाळ्यांत खोऱ्यातल्या प्रत्येक घोड्याच्या पायात हेम्मीचे नाल आले. मग दुकानांत कारखान्याचे तसलेच नाल-दात मिळायला लागले, स्वस्त आणि चांगले, पण सुलट आट्यांचे. ते दात हेम्मीच्या नालात बसायचे नाहीत, आणि नवे नाल मारून घ्यायला कुणी आलं नाही. खोऱ्याखालच्या गावातल्या लोहाराने तर हेम्मीचा टॅप हातात धरायलाही नकार दिला. म्हणजे खोऱ्याला दात लागले तर ते हेम्मीनेच करायचे. त्याच्या मनाने घेतलं की आपण एक दिवस जरी हललो तरी सगळे घोडे बर्फावर उभे राहतील. सुरुवातीला त्याला याचा अभिमान वाटायचा. मग लेम्पी आली.

लेम्पी लाकूडतोड्यांच्या तळावर स्वयंपाक करायची. विधवा, तोंडाने फटकळ, पन्नास माणसांना एका नजरेत गप्प बसवणारी. रविवारी ती लोहारशाळेत येऊन बसायची आणि दोघांच्या वाटचं एकटीच बोलायची. हेम्मीला ते फार आवडायचं. पुढे तिला ओउलू बंदरात गिरणीकामगारांची खाणावळ चालवायला मिळाली, आणि हेम्मीही तिच्यासोबत जाणार असं ठरलं. ऐरण पेंढ्यात बांधून झाली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे गाडीवान न बोलावता आले, टोप्या काढून बाकावर ओळीने बसले आणि जमिनीकडे बघत राहिले. हेम्मीने कॉफी दिली. त्यांनी बशीत ओतून, दातांत साखरेचा खडा धरून ती प्यायली. कुणी घसा खाकरला, कुणी थंडी वाढेल म्हणाला. मग सगळे उठून गेले.

हेम्मीने ऐरण सोडली. लेम्पी एकटी गेली.

तेव्हापासून तो माणूस पिंजऱ्यात असल्यासारखा वागायला लागला. दात करायचा, मोजून पेटीत टाकायचा आणि त्या पेटीकडे दुश्मनाकडे बघावं तसं बघायचा. दरवर्षी लेम्पीचा निरोप यायचा आणि दरवर्षी हेम्मी सांगून पाठवायचा की घोड्यांचं बघायला कुणी नाही. मग एका हिवाळ्यात ईस्टरआधीच्या उपासांच्या तोंडावर लेम्पी स्वतःच माल वाहणाऱ्या गाडीवानाच्या घसरगाडीतून आली आणि शाल न सोडता बाकावर बसली.

“येतोयस की नाही?”

“हिवाळा आहे.”

“हिवाळा दरवर्षी असतो.”

“घोडे आहेत.”

“घोड्यांना चार पाय आहेत, हेम्मी. मला दोनच, आणि तेही आता सुजतात.” तिने शालीची गाठ घट्ट केली. “ईस्टरपर्यंत मागची खोली रिकामी ठेवते. मग गिरणीतला एक मुकादम आहे, त्याला देईन. त्याने नुसती खोलीच मागितलेली नाही.”

ती गेल्यावर हेम्मीने भट्टी पेटवली नाही. आपल्या दातांवरचा लोकांचा विश्वास उडाला तरच आपण सुटू, हे त्याला कळलं होतं, आणि तो कसा उडवायचा हेही. फक्त सगळ्या खोऱ्यासमोर स्वतःचं नाक कापून घ्यायचं. आमच्याकडे माणूस एक वेळ बोट कापून देईल.

रविवारी दुपारी गाडीवान दात बदलायला जमले. सगळ्यांच्या हातात कॉफी आली तेव्हा हेम्मी उभा राहिला.

“ते उलटे आटे,” तो म्हणाला, “मुद्दाम नव्हते. चूक झाली. कागद उलटा गुंडाळला गेला.”

वेर्नेरीने बशीतला शेवटचा घोट घेतला.

“माहीत आहे,” वेर्नेरी म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“चूक आहे ते. पहिल्या दिवसापासून. अरे, घोड्याला दोन बाजूंना पाय असतात. एका बाजूला जे घट्ट होईल ते दुसऱ्या बाजूला सैल होणार. एवढं तर माझ्या बायकोलाही कळलं.”

“मग बोलला का नाहीस?”

वेर्नेरीने बशी खाली ठेवली. “विर्क्कू मेल्यापासून तू माझ्याकडे बघतच नव्हतास. त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून बोललास. मी काय म्हणणार होतो?”

“आणि दुकानातले नाल आले तेव्हा?”

आता नेस्तोरी चुळबुळ करायला लागला. “घेतलेत ना, काका. गाडीच्या पेटीत आहेत. कागदही फोडलेला नाही. सगळ्यांकडेच आहेत. म्हटलं, तुम्ही गेलात की बसवू. तुमच्यासमोर कसे बसवणार?”

“मी कधी जाणार होतो?”

“लेम्पीबाईंबरोबर.”

हेम्मीने बाकाकडे बोट दाखवलं. “तुम्ही सगळे येऊन बसलात त्या दिवशी. थांब म्हणून.”

“थांब म्हणून?” वेर्नेरी म्हणाला. “जा म्हणून सांगायला आलो होतो. आमची काळजी करू नकोस, नाल घेतलेत, एवढंच. नेस्तोरी बोलणार होता.”

“मी? तुम्ही बोलणार होतात. वयाने मोठे तुम्ही.”

“तोंड तुझं चालतं.”

“पण ठरलं होतं तुमचं.”

दोघे बराच वेळ हमरीतुमरीवर होते. आमच्या लोकांना बोलायचं तेव्हा बोलता येत नाही आणि नंतर थांबवत नाही. हेम्मी टोपी न घालता बाहेर गेला आणि घोड्यांमध्ये उभा राहिला. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी तो अडकून पडला होता, ते त्याच्या मनासाठी त्याचे नाल झिजवत बसले होते. दार उघडंच होतं, आणि दोन्हीकडून लोकांनी ते शिष्टाचार म्हणून लोटून धरलं होतं. त्याला रडू आलं. घोड्यांनी बघितलं, माणसांनी बघितलं नसल्याचं दाखवलं.

मग त्याने स्वतःच्या हाताने सगळ्या घोड्यांना कारखान्याचे नाल मारून दिले. पाना धरला की हात सवयीने उलटा फिरायचा आणि दात बाहेर यायचा. नेस्तोरी शेजारी उभा राहून दुसरीकडे बघायचा.

ईस्टरच्या आत तो ओउलूला पोचला. वाटभर त्याने जे घडलं ते नीट सांगायची तयारी केली होती. लेम्पी चुलीपाशी उभी होती, पायांत लोकरी सपाता, टाचा बाहेर आलेल्या.

“आणि घोडे?” तिने विचारलं.

हेम्मीने तिच्या पायांकडे पाहिलं. त्या घोड्यांना तो कधीच नको होता, हे आता सांगितलं तर हिने एकटीने काढलेली वर्षं कशाच्या खात्यात जाणार होती?

“सोडले,” तो म्हणाला.

“आणि माणसं?”

“हळहळली.”

लेम्पी त्याच्याकडे पाठ करून पातेलं ढवळत राहिली. पातेल्यात नुसतं पाणी होतं. “माझ्यासाठी सोडलंस सगळं,” ती म्हणाली.

“हो.”

ती मागची खोली मग दोघांची झाली. आणि खाणावळीत नवा माणूस जेवायला बसला की लेम्पी हातात वाढणं घेऊन सुरू होते. ह्या माणसाने माझ्यासाठी अख्खं खोरं सोडलं, घोडे अडले, लोक रडले, पण हा आला. हेम्मी मान खाली घालून बशीतली कॉफी पितो.

एका उन्हाळ्यात नेस्तोरी काही कामाने बंदरात आला आणि खाणावळीत इतर गिऱ्हाइकांबरोबर जेवायला बसला. लेम्पीने त्याच्यासमोरही ते सगळं सांगितलं, आणि मग विचारलं, “तूच सांग ह्या सगळ्यांना. अडलं ना तुमचं?”

नेस्तोरीने हेम्मीकडे पाहिलं. हेम्मी बशीकडे बघत होता. नेस्तोरीने साखरेचा खडा दातांत धरला.

“फार,” तो म्हणाला. “अजून अडतं.”